फूट-इंचातला पूर: आलेखासाठी सॉफ्टवेअर निवडताना

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माझ्या भावाचा मूर्तींचा कारखाना आहे. तिथल्या भिंतीवर आता एक मोठा आलेख लागला आहे: पुराच्या वर्षांतली राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, फूट-इंचात. फेब्रुवारी ते जून २०२५ असे काही महिने त्यात गेले. चित्र काढायला फार वेळ लागला नाही, ते कशात काढायचं हे ठरवण्यातच जास्त गेला. देवनागरी लेबलं, फूट-इंच आणि सॉफ्टवेअरला शून्य बजेट अशा तिन्ही अटी एकत्र आल्या की काय करायचं, हे मला एका जागी लिहिलेलं मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की "पाणी किती फुटावर?" हाच पहिला प्रश्न. २०१९च्या ऑगस्टात आणि २०२१च्या जुलैत पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. २०२४च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली. नेमकं याच दिवसांत कारखाने गणपतींनी भरलेले असतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून जाते. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी झालेल्या मूर्तीचा हलवताना टवका उडाला तरी गिऱ्हाईक ती घेत नाही. त्यामुळे मूर्ती कधी हलवायच्या हा निर्णय लवकर घेतला तरी नुकसान, उशिरा घेतला तर सगळंच गेलं.

भावाने मागितलं ते एवढंच. "अक्का, एकोणचाळीसवरनं त्रेचाळीसवर यायला दरवेळी किती वेळ मिळाला ते एका नजरेत दिसूं दे. आन् तवा गणपतीला किती दिवस ऱ्हायलेले, ते बी."

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत एमआयएसचं, म्हणजे आकडेवारीचे अहवाल करायचं काम करते. दिवसभर एक्सेल आणि पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख-अहवाल करायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर). पण संगणक उघडायच्या आधी आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलने चित्र काढलं, आणि पुढचे सगळे निर्णय त्या कागदामुळे सोपे झाले. आडव्या अक्षावर तारखा नकोत, चतुर्थीला उरलेले दिवस हवेत, कारण चतुर्थी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. २०२१ची १० सप्टेंबरला होती, २०१९ची २ सप्टेंबरला. म्हणजे २४ जुलै २०२१ हा पुराचा दिवस चतुर्थीच्या ४८ दिवस आधीचा आणि ८ ऑगस्ट २०१९ हा अवघ्या २५ दिवस आधीचा. कुंभारासाठी या दोन पुरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बहुतेक माल कच्चा, दुसऱ्यात रंगाला लागलेला. उभ्या अक्षावर फूट. ३९ आणि ४३ला दोन ठळक रेघा. खाली राधानगरीचे दरवाजे कधी उघडले त्याच्या खुणा: धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढे पंचगंगेत येतं. उजव्या कडेला कारखान्याची पायरी, जोतं आणि माळा. (बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या पायरीला पाणी लागतं, हे आकडे आम्ही गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारून आणि भावाच्या वहीतून घेतले. इथे देत नाही, कारण प्रत्येक गल्लीचा उतार वेगळा.)

आता आकडे. भावाची वही होती, व्हॉट्सॲपवर रोज येणारे पातळीचे मेसेज होते, पण मधले दिवस गळलेले. म्हणून १० फेब्रुवारीला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. साधा कागद, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे "राजाराम बंधारा येथील पाणीपातळीच्या नोंदवहीच्या प्रती, जून ते सप्टेंबर" एवढंच आणि वर्षं, असं नेमकं लिहिलं. पावसाची आकडेवारी हवी असेल तर तिचा वेगळा अर्ज करा, एकात कोंबू नका. उत्तराची मुदत ३० दिवसांची, पण प्रतींचं शुल्क कळवल्यापासून ते तुम्ही भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, हे लक्षात ठेवून शुल्काचं पत्र आलं त्याच दिवशी पैसे भरले. पानाला दोन रुपये. मार्चच्या मध्याला झेरॉक्सचा गठ्ठा हातात आला.

त्या गठ्ठ्यात या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती. नोंदी अशा लिहिलेल्या: ४३.६, ४३.९, ४३.१०. वाचणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला कळतं की हा दशांश नाही, टिंबाच्या पुढे इंच आहेत. पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही. ते ४३.१० ला ४३.१ समजतं आणि नऊ इंचांनंतर दहा इंच आले की आलेखात पाणी उतरलेलं दिसतं. चढत्या पुरात उतार दाखवणारं चित्र म्हणजे माणसं गाफील ठेवणारं चित्र. म्हणून टाइप करतानाच फूट आणि इंच हे दोन रकाने वेगळे केले आणि तिसऱ्या रकान्यात सगळं इंचांत आणलं. ३९ फूट म्हणजे ४६८ इंच, ४३ फूट म्हणजे ५१६. साठवण इंचांत, दाखवायचं फुटांत. पंचगंगेच्या पातळीवर कुणीही काम करणार असेल तर पहिली सूचना हीच.

दुसरी सूचना: आकडे टाइप करताना इंग्रजी कीबोर्डचेच ठेवा. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी पायथॉन देवनागरी अंक संख्या म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट वाचत नाही. देवनागरी शेवटी दाखवताना आणायचं.

प्रतींची वाट बघत असतानाच, वहीतल्या अर्धवट आकड्यांवर, सॉफ्टवेअर चाचपायला सुरुवात केली होती. एका डिझाइनवाल्याकडे सहज विचारलं तर एका चित्राचे पंचवीस हजार सांगितले, आणि दरवर्षी नवे आकडे भरायचे वेगळे. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

एक्सेलमध्ये एक सोय फार लोकांना माहीत नसते: अक्षाच्या नंबर फॉरमॅटमध्ये अपूर्णांक निवडून छेद १२ ठेवला की ४३.५ हे ४३ ६/१२ असं दिसतं. गणित बरोबर, पण गल्लीतल्या तात्यांना ते दाखवलं तर त्यांनी कागद दूर-जवळ धरून बघितला आणि म्हणाले, "ह्ये बारा कशाला खाली?" त्यांच्यासाठीच तर हे चालू होतं, त्यामुळे एक्सेल फक्त आकडे भरण्यापुरतं राहिलं.

पॉवर बीआय माझ्या हातातलं. डेस्कटॉप आवृत्ती मोफत आहे, पण खासगीरीत्या इतरांना बघायला द्यायचं तर प्रत्येकी सशुल्क परवाना लागतो, आणि वेबवर प्रकाशित केलं तर ते सगळ्या जगाला उघडं. कंपनीचा परवाना घरच्या कामाला वापरणं मला मान्य नव्हतं. त्यातून एक फायदा मात्र झाला. पॉवर बीआयमध्ये डेनेब नावाचं मोफत व्हिज्युअल मिळतं, त्यात वेगा-लाइट या भाषेत आपल्याला हवा तसा आलेख लिहिता येतो. माझ्यासारख्या एमआयएसवाल्यांना तयार आलेखांकडून स्वतःच्या आलेखाकडे जायचं असेल तर ही चांगली पायरी आहे. तिथेच मला पहिल्यांदा कळलं की अक्षावरचं लेबल हे सूत्र लिहूनही ठरवता येतं: इंचांना १२ने भागा, पुढे "फूट" जोडा.

मग वेबवरची तयार साधनं. डेटारॅपर मला मनापासून आवडलं. मोफत योजनेतही आलेख नीटनेटका येतो, मोबाइलवर व्यवस्थित दिसतो, रेघांवर टिपा लिहिता येतात. बातमीसाठी किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी मी डोळे झाकून तेच सुचवेन. आमचं अडलं दोन ठिकाणी. अक्षावर पूर्ण फूट बसवता आले, पण बोट ठेवल्यावर दिसणारा आकडा दशांशातच. आणि मोठ्या छपाईला लागणारी एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फुटणारी चित्राची फाइल) किंवा पीडीएफ मोफत योजनेत निघत नाही, फक्त पीएनजी, म्हणजे ठिपक्यांचं साधं चित्र. फ्लरिशमध्ये हलती चित्रं सुंदर होतात, पण मोफत खात्यातलं काम सार्वजनिक असतं. आमच्या दुसऱ्या तक्त्यात कुणाच्या घरात कुठपर्यंत पाणी आलं, कुणाच्या किती मूर्ती गेल्या हे नावानिशी होतं. लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असं काही मी सार्वजनिक खात्यावर चढवणार नव्हते. टॅब्लो पब्लिकला नकार दिला तोही याच कारणाने. साधन निवडताना दिसणं आणि किंमत यांच्या आधी हा प्रश्न विचारा: माझे आकडे कुठे जाऊन बसणार?

या बाबतीत रॉग्राफ्स वेगळं निघालं. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या डेन्सिटी डिझाइन गटात ते तयार झालं, मुक्त स्रोत आहे, आणि आकडे ब्राउझरच्या बाहेर जात नाहीत. तक्ता चिकटवायचा, आलेखाचा प्रकार निवडायचा, रकाने ओढून टाकायचे, एसव्हीजी उतरवून घ्यायची. आमच्या शेवटच्या चित्राला ते पुरलं नाही, पण रेषा बऱ्या की पट्टे बरे हे आजमावायला त्याच्याइतकं सोयीचं काही मला भेटलं नाही.

एप्रिलमध्ये प्रोग्रामिंगच्या वाटेला लागले. पायथॉन थोडं येत होतं, म्हणून त्यातलं आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब. आकडे टाकले, रेघा सुरेख आल्या, आणि शीर्षक बघून हात थांबला. "स्थिती" या शब्दात स चा पाय मोडून तो सुटा उभा, आणि पहिली वेलांटी थ च्या नंतर लटकलेली. "कोल्हापूर"मधला ल्ह तुटलेला. फॉन्ट बदलून उपयोग होत नाही, कारण दोष फॉन्टचा नसतोच. जोडाक्षरं जुळवायची आणि वेलांटी मागे न्यायची हे काम फॉन्टच्या शिवाय एक वेगळा भाग करतो, आणि मी वापरलेल्या मॅटप्लॉटलिबच्या मांडणीत तो भाग नव्हता. वाट आहे: एसव्हीजी साठवताना मजकूर रेषांत न बदलता मजकूर म्हणूनच ठेवायची सेटिंग आहे. ती लावून फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली की अक्षरं जागच्या जागी बसतात. आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत आलेखाचं जीजीप्लॉट आणि चित्र साठवायचं रॅग ही पॅकेजं वापरली तर देवनागरी थेट बरोबर येते, तेही करून बघितलं. पण घरात आर जाणणारं दुसरं कुणी नाही, आणि माझ्यावरच अडून राहील असं काही मला करायचं नव्हतं.

मराठीत आलेख करणाऱ्यांनी कुठलंही सॉफ्टवेअर शिकायला बसण्याआधी पाच मिनिटं काढून त्यात "स्थिती", "कोल्हापूर", "वृष्टी", "नृसिंहवाडी" हे चार शब्द लिहून बघावेत, एवढं माझं ठाम मत झालं आहे. त्यात ते नापास झालं तर बाकीच्या सोयी कितीही असोत, पुढे जाऊ नये.

ब्राउझर ही परीक्षा सहज पास होतो. म्हणजे आलेख वेबच्या तंत्राने केला तर अक्षरांची काळजीच मिटते. तिथे तीन नावं समोर होती. डी-थ्री हे सगळ्यात मोकळं, २०११ पासून आहे, त्यात काहीही काढता येतं, पण प्रत्येक रेघ आणि प्रत्येक खूण आपण सांगायची. वेगा-लाइट, ज्याची ओळख झाली होतीच. आणि ऑब्झर्व्हेबल प्लॉट, डी-थ्रीच्याच पायावर उभं, पण थोड्या ओळींत काम होणारं. तिन्ही मोफत, मुक्त स्रोत. वेगा-लाइटमध्येही आमचं चित्र झालं असतं. प्लॉट घेतलं ते भाच्यामुळे. तो कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे, जावास्क्रिप्ट थोडंफार वाचतो, आणि पुढे दरवर्षी आकडे भरणार तो. त्याने कोडमधली ३९ची रेघ शोधून तिचा रंग स्वतः बदलला तेव्हा माझा निर्णय झाला.

बसून केलं ते एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत, ऑफिसनंतर रात्री. चतुर्थीला उरलेले दिवस हा कागदावर अवघड वाटलेला भाग सोपा निघाला. तो सॉफ्टवेअरचा प्रश्नच नव्हता, तक्त्यात चतुर्थीच्या तारखेतून नोंदीची तारीख वजा करणारा एक रकाना वाढवला की झालं. वेळ गेला तो बारीकसारीक गोष्टींत. ब्राउझरला मराठी आकडे मागितले की तो आपण होऊन देवनागरी अंक आणि लाखाचे स्वल्पविराम देतो, पण वर्षालाही स्वल्पविराम लावतो: २,०१९. वर्षासाठी ती गटवारी बंद करावी लागते. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही तर नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नोंदवली की पाकळीचा ल आणि देठाचा श मिळतो. पाटी रंगवणाऱ्या माणसाला हा फरक लांबून दिसतो, आणि आमच्या गल्लीत ब्रश धरणारे पुष्कळ.

रंगांवर घरात चर्चा झाली. शेवटी बाकीची वर्षं फिकट राखाडी, २०१९, २०२१ आणि २०२४ गडद, आणि ४३च्या वरचा भाग लाल. तिन्ही गडद रेघांची जाडी वेगळी ठेवली, म्हणजे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरही वर्षं ओळखता येतात. ३९ ते ४३ या पट्ट्यात प्रत्येक वर्षाच्या रेघेशेजारी मधले तास लिहिले. भावाला हवा होता तो आकडा तिथे आहे.

पुरात वीज आणि नेट दोन्ही जातात, त्यामुळे पान नेटशिवाय उघडलं पाहिजे ही अट होती. प्लॉटच्या स्वतःच्या फाइली उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या. सीएसव्ही, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची साधी फाइल, मात्र अशी चालत नाही: फाइल डबल-क्लिक करून उघडली तर ब्राउझर सुरक्षेसाठी शेजारची सीएसव्ही वाचू देत नाही. आकडे एका छोट्या जावास्क्रिप्ट फाइलमध्येच ठेवले, की प्रश्न मिटतो. मोबाइलसाठी उभं चित्र वेगळं केलं. भिंतीवरचं आडवं चित्र फोनवर वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर ते फोटो म्हणून पाठवलं तर अक्षरं पुसट होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवावं.

मे संपायच्या आतच मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचला आणि घाई झाली. छपाईआधी ए-थ्री आकारात एक रंगीत प्रत काढून तात्यांना दाखवली. त्यांनी ४३च्या रेघेवर बोट ठेवलं, तिथून डावीकडे सरकत २०२१च्या रेघेपर्यंत आले, तास वाचले आणि म्हणाले, "आमची बायका-पोरं हाताशी असली तर माळ्यावर चढवून होतंय एवढ्यात. रंगीत माल असला तर न्हाई होत." त्यावरून रंगकामाला सुरुवात होते तिथून पुढे आडव्या अक्षावर एक पट्टा वाढवला. कुठल्याही मेनूत हा पट्टा तयार मिळाला नसता. स्वतः लिहिलेल्या आलेखात तो एका ओळीचं काम होता, आणि एवढ्या खटाटोपाचं मोल मला त्या ओळीत मिळालं.

फ्लेक्सच्या दुकानांत बहुतेक कोरलड्रॉ असतं आणि फॉन्ट जुन्या पद्धतीचे, त्यामुळे युनिकोड मजकूर तिथे चौकोन होऊन उघडू शकतो. म्हणून इंकस्केपमध्ये सगळा मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून पीडीएफ दिली आणि पेनड्राइव्हवर पीएनजीही ठेवली, मिळवून बघायला. सहा बाय चार फूट, चौरस फुटाला अठरा रुपये, म्हणजे ४३२. लोखंडी फ्रेमचे सातशे. माहिती अधिकाराच्या प्रती आणि रंगीत प्रिंट धरूनही सगळा खर्च दोन हजारांच्या आत राहिला. सॉफ्टवेअरला काही नाही.

बोर्ड जूनच्या पहिल्या आठवड्यात लागला, माळ्याच्या शिडीशेजारी. गंगावेशीतल्या एका कारखानदारांनी त्यांच्यासाठी असाच मागितला आहे. त्यांच्या पायरीचे आणि जोत्याचे आकडे घ्यायला भाचा जाणार आहे, बाकीची फाइल तीच चालेल. रोजची पातळीही तोच भरतो, फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्यात.